चापाचे वजन

चार इंची नळीचे, सहा गोळ्यांचे, मध्यम बांध्याचे अमेरिकी रिव्हॉल्व्हर तराजूत टाकले तर साधारण एक किलो भरते. त्याचा घोडा अंगठ्याने मागे न ओढता थेट चाप दाबायचा म्हटले, तर बोटाला सुमारे पाच किलोचा जोर लावावा लागतो. म्हणजे एक किलोची वस्तू हात लांब करून अधांतरी धरायची, ती जराही हलू द्यायची नाही आणि त्याच हाताच्या एका बोटाने तिच्यावर तिच्या वजनाच्या पाचपट ताण आणायचा. रिव्हॉल्व्हरचा नेम बहुतेक वेळा इथेच चुकतो. नजर चांगली असते, उभे राहण्याची पद्धत चांगली असते, माशी, म्हणजे नळीच्या टोकावरची नेमाची खूण, लक्ष्यावर बरोबर बसलेली असते. पण चाप सुटण्याआधीच्या काही मिलिमीटरांत मूठ आवळली जाते, नळीचे तोंड कलते आणि गोळी भलतीकडे जाते.

अमेरिकेतल्या हौशी नेमबाजांनी यावर काढलेला जुना तोडगा म्हणजे आतल्या स्प्रिंगा बदलणे. मऊ स्प्रिंगांचे एक स्वस्त पाकीट, खाचेत घट्ट बसणारा स्क्रू ड्रायव्हर, मोकळे टेबल आणि एक रिकामी दुपार एवढ्या भांडवलावर पाच किलोंचा चाप चारावर, कधी साडेतीनवर येतो. तिथल्या कितीतरी घरांत हे काम झाले आहे. त्यातली काही शस्त्रे आधीपेक्षा गोड चालू लागली, आणि काही नको त्या क्षणी नुसती ‘टक्’ करून गप्प बसली. पुढची प्रकरणे या दोन निकालांमधल्या फरकाविषयी आहेत. स्प्रिंग बदलणे अवघड नाही. कोणती स्प्रिंग कोणते काम करते हे न कळता ती बदलणे, हा सगळा घोटाळा आहे.

आधी शब्द ठरवून घेऊ. बोटाने दाबतो तो चाप. मागून येऊन आघात करतो तो घोडा. काडतुसाच्या बुडाशी मध्यभागी जी छोटी धातूची टोपी असते ती प्राइमर. तिच्यावर फायरिंग पिनचा, म्हणजे घोडा ज्या टोकदार सळईने आघात करतो तिचा, ठोका बसला की ठिणगी पडते आणि दारू पेटते. रिव्हॉल्व्हर दोन रीतींनी झाडता येते. घोडा आधी अंगठ्याने मागे ओढून अडकवला, तर चापाला फक्त ती अडकण सोडवायची असते. तेवढ्याला दीडदोन किलोंचा जोर पुरतो. ही एकेरी क्रिया. घोडा तसाच ठेवून चाप दाबला, तर घोडा मागे नेणे, सिलिंडर पुढच्या खणावर फिरवणे आणि घोडा सोडणे ही सगळी कामे चापालाच करावी लागतात. ही दुहेरी क्रिया. या पुस्तकाचा विषय मुख्यतः दुहेरी क्रियेचा आहे, कारण पाच किलो तिथे आहेत.

हे पाच किलो जातात कुठे, याचा जमाखर्च मांडला की विषय अर्धा सुटतो. सर्वांत मोठा वाटा मुख्य स्प्रिंगचा. ती घोड्याच्या मागे असते आणि घोडा मागे जाताना दाबली किंवा वाकवली जाते. बोटाने घातलेली ऊर्जा ती साठवते आणि घोडा सुटला की प्राइमरवर खर्च करते. दुसरा वाटा चाप परतीच्या स्प्रिंगचा. बोट सैल केले की चाप पुढे ढकलून पुढच्या गोळीसाठी तयार करणे हे तिचे काम. तिसरा वाटा सिलिंडर फिरवणाऱ्या पंजाचा आणि सिलिंडर जागेवर धरणाऱ्या खिळीचा. तो लहान असतो. चौथा वाटा घर्षणाचा. कारखान्यातून आलेल्या भागांवर यंत्राच्या पात्याचे ओरखडे असतात, कडांना बारीक कुसळे असतात, जुन्या शस्त्रात घट्ट झालेले तेल आणि दारूची काजळी असते. पहिल्या तीन वाट्यांच्या बदल्यात काहीतरी काम मिळते. चौथ्याच्या बदल्यात काहीच मिळत नाही. तरीही हौशी माणूस कात्री लावतो ती पहिल्या दोन वाट्यांना, कारण त्या स्प्रिंगा पाकिटात विकत मिळतात आणि गुळगुळीतपणा पाकिटात मिळत नाही.

चापाच्या वजनाचे हे भांडण रिव्हॉल्व्हरइतकेच जुने आहे. १८५१ मध्ये लंडनच्या महाप्रदर्शनात अमेरिकेच्या सॅम्युएल कोल्टची रिव्हॉल्व्हरे आली होती आणि रॉबर्ट अ‍ॅडम्स या इंग्रज कारागिराचेही. कोल्टचा घोडा दर गोळीला अंगठ्याने मागे घ्यावा लागे. चाप हलका, नेम चांगला, पण वेग कमी. अ‍ॅडम्सच्या घोड्याला अंगठ्यासाठी कानच नव्हता. चाप दाबत राहायचे, घोडा आपोआप मागे जाऊन पडे. जवळच्या झटापटीत ते सरस, लांबच्या नेमाला जड. पुढे १८५६ मध्ये ब्रिटिश सैन्यातल्या ब्यूमाँट या लेफ्टनंटने अ‍ॅडम्सच्या रचनेत सुधारणा करून दोन्ही रीती एकाच शस्त्रात आणल्या. त्यानंतरच्या दुहेरी क्रियेच्या रिव्हॉल्व्हरांचा मूळ नमुना हाच. कोल्ट कंपनीने स्वतःचे दुहेरी क्रियेचे रिव्हॉल्व्हर १८७७ मध्ये काढले. त्याची आतली रचना इतकी नाजूक होती आणि तिच्या स्प्रिंगा इतक्या तुटत, की बंदूक दुरुस्त करणाऱ्यांचे ते लाडके गिऱ्हाईक ठरले. स्मिथ अँड वेसनने १८९९ मध्ये ‘मिलिटरी अँड पोलीस’ हे रिव्हॉल्व्हर आणले आणि मग कुठे अमेरिकेला वर्षानुवर्षे टिकणारी, एकसारखी चालणारी दुहेरी क्रिया मिळाली. तेच पुढे ‘मॉडेल १०’ झाले. आज लोक स्वयंपाकघरातल्या टेबलावर जी यंत्रणा उघडून बसतात, ती बहुतेक वेळा याच घराण्यातली असते.

या यंत्रणेतून माणूस काय काढू शकतो हे एड मॅकगिव्हर्नने दाखवले. माँटाना राज्यातला हा नेमबाज मुख्यतः दुहेरी क्रियेने झाडत असे. १९३२ मध्ये त्याने सुमारे साडेचार मीटरवरच्या लक्ष्यावर पाच गोळ्या ०.४५ सेकंदात मारल्या. दोन गोळ्यांमध्ये सेकंदाचा जेमतेम दहावा भाग. त्याचे रिव्हॉल्व्हरवरचे जाडजूड पुस्तक १९३८ मध्ये निघाले आणि अजून वाचले जाते. १९९९ मध्ये जेरी मिक्युलेक या नेमबाजाने सहा गोळ्या झाडून, सिलिंडर रिकामे करून, पुन्हा भरून आणखी सहा गोळ्या झाडल्या. सगळे मिळून २.९९ सेकंदांत. हे विक्रम स्प्रिंगांच्या चर्चेत नेहमी येतात आणि त्यांतून बहुधा चुकीचा धडा घेतला जातो. एवढ्या वेगात चाप किती हलका आहे याइतकेच तो किती झपाट्याने परत येतो याला महत्त्व असते. परतीची स्प्रिंग लुळी पडली, तर बोट चापाच्या पुढे धावते, चाप पुरता परतण्याआधी पुन्हा दाबला जातो आणि यंत्रणा अडखळते. म्हणजे वेगासाठी स्प्रिंग मऊ करणारा माणूस वेगच गमावून बसतो.

स्प्रिंग मऊ करणे हे फक्त हौशी लोकांचे खूळ नव्हे. ब्रिटिश सैन्याने हे काम सरकारी शिक्का मारून केले आहे. ‘एन्फील्ड नंबर २’ रिव्हॉल्व्हरच्या घोड्याचा कान रणगाड्यातल्या तंग जागेत अडकतो अशी अडचण होती. म्हणून १९३८ मध्ये निघालेल्या सुधारित आवृत्तीत तो कान कापला गेला. कान गेला, म्हणजे एकेरी क्रिया गेली. उरली ती फक्त दुहेरी. मग ती सुसह्य व्हावी म्हणून मुख्य स्प्रिंग हलकी केली. पण पुढची पायरी सांगितल्याशिवाय ही गोष्ट पुरी होत नाही. युद्धाच्या घाईत, १९४२ मध्ये, याच शस्त्राची आणखी सोपी आवृत्ती काढताना घोड्याला अडवणारा सुरक्षेचा भाग वगळला गेला. हातातून पडले तर गोळी सुटेल अशी ती रचना झाली, आणि युद्ध संपल्यावर तो भाग पुन्हा बसवून घ्यावा लागला. १९४४ मध्ये अमेरिकी नौदलाच्या एका जहाजावरही असेच घडले: स्मिथ अँड वेसनचे रिव्हॉल्व्हर डेकवर पडले, गोळी सुटली आणि एक नाविक मेला. कंपनीने लगेच घोडा आणि चौकट यांच्यामध्ये सरकणारी नवी अडसर-पट्टी बसवली. आजही त्या रिव्हॉल्व्हरची बाजूची झाकणपट्टी उघडली की ही बारीक पट्टी आधी हाताला लागते. घाईत जोडणी करणाऱ्याकडून ती कधी कधी टेबलावरच राहून जाते. शस्त्र तिच्याशिवायही चालते, म्हणून चूक लक्षात येत नाही. ती पट्टी कोणाच्या मृत्यूनंतर तिथे आली आहे हे ठाऊक असलेला माणूस ती विसरत नाही.

उलट बाजूचे उदाहरण न्यूयॉर्कचे. तिथल्या पोलिसांनी १९९३ पासून रिव्हॉल्व्हर सोडून ९ मिलिमीटरची पिस्तुले घ्यायला सुरुवात केली. रिव्हॉल्व्हरच्या जड चापाची सवय झालेल्या हातांकडून हलक्या चापावर चुकून गोळी सुटेल, या भीतीने पिस्तुलात मुद्दाम जड स्प्रिंग बसवून चाप सुमारे १२ पौंडांवर, म्हणजे साडेपाच किलोंच्या जवळ नेण्यात आला. २००८ मध्ये रँड या संशोधन संस्थेने या दलाच्या गोळीबारांचा अभ्यास करून हलका चाप तपासून पाहण्याची शिफारस केली. २४ ऑगस्ट २०१२ रोजी एम्पायर स्टेट बिल्डिंगसमोर दोन पोलिसांनी एका सशस्त्र खुन्यावर गोळ्या झाडल्या, तेव्हा त्या गोळ्यांनी आणि त्यांच्या तुकड्यांनी नऊ पादचारी जखमी झाले. जड चापाचा वाद पुन्हा उफाळला. त्या दुर्घटनेचे सगळे खापर एका स्प्रिंगवर फोडणे बरोबर नाही. पण जड चाप म्हणजे आपोआप सुरक्षित चाप, हे समीकरण तेवढेच भाबडे आहे. चुकून सुटणाऱ्या गोळीपासून तो वाचवतो, आणि मुद्दाम झाडलेली गोळी भलतीकडे नेतो. हलका चाप याच्या नेमका उलट.

हे काम घरी होते ते अमेरिकेत, यामागे कायदा आहे आणि परंपराही आहे. १९६८ च्या केंद्रीय शस्त्र कायद्यानुसार दुसऱ्यांची शस्त्रे दुरुस्त करण्याचा धंदा करायचा तर परवाना लागतो. स्वतःच्या शस्त्राची स्प्रिंग स्वतः बदलायला लागत नाही. त्यातून ट्रॅक्टर, मोटार, शिलाई यंत्र सगळे घरीच उघडण्याची ग्रामीण अमेरिकेची सवय. या सवयीवर धंदे उभे राहिले. आयोवा राज्यातली ब्राउनेल्स ही कंपनी १९३९ पासून बंदूक दुरुस्तीची हत्यारे आणि सुटे भाग पुरवते. पेनसिल्व्हेनियातली वुल्फ कंपनी तर स्प्रिंगांसाठीच ओळखली जाते. जेरी कूनहाउसेनची, एकेका बनावटीच्या यंत्रणेवरची सचित्र कार्यशाळा-पुस्तके व्यावसायिक कारागिरांइतकीच हौशी लोकांच्या कपाटात सापडतात. रिव्हॉल्व्हरच्याच स्पर्धा घेणारी आयकोर ही संघटना १९९१ पासून चालू आहे, आणि तिथल्या स्पर्धकांत कारखान्याच्या स्प्रिंगांवर झाडणारा माणूस शोधावा लागेल.

पण स्प्रिंग बदलणाऱ्यांत सगळे स्पर्धक नसतात. सांधेदुखीने बोटे आखडलेली वयस्कर माणसे असतात, लहान पंजाच्या व्यक्ती असतात, मनगटाची शस्त्रक्रिया झालेले असतात. खिशात मावणाऱ्या छोट्या पाच गोळ्यांच्या रिव्हॉल्व्हरचा चाप मोठ्या भावंडापेक्षाही जड असतो, कारण आत जागा कमी आणि म्हणून स्प्रिंग आखूड. ज्याच्या बोटाने चाप शेवटपर्यंत जातच नाही, त्याला ‘सराव वाढवा’ हे उत्तर देणे निष्ठूरपणाचे आहे. या पुस्तकाचा मोठा भाग अशा वाचकासाठी लिहिला आहे.

बनावटीप्रमाणे काम बदलते. स्मिथ अँड वेसनच्या मोठ्या आणि मध्यम चौकटीत मुख्य स्प्रिंग ही मुठीत उभी बसवलेली पोलादी पट्टी असते. मुठीच्या पुढच्या अंगाला एक स्क्रू असतो, तो या पट्टीला ताण देतो. परतीची गुंडाळी-स्प्रिंग एका सरकत्या ठोकळ्यात असते. तो ठोकळा चापाला पुढे ढकलतो आणि त्याच वेळी घोड्याला प्राइमरपासून किंचित मागे घेतो. त्याच कंपनीच्या छोट्या चौकटीत मुख्य स्प्रिंगही गुंडाळीचीच असते. रुगर कंपनीच्या १९८५ च्या ‘जीपी १००’ मध्ये बाजूची झाकणपट्टीच नाही. चाप आणि त्याचा सगळा संच खालून एकत्र बाहेर येतो, मुख्य स्प्रिंग एका दांडीवर बसलेली असते आणि ती उसळू नये म्हणून अडकवायची पिन कंपनीच देते. घरी काम करणाऱ्याला याहून सोयीची रचना नाही. १९५५ च्या मूळ कोल्ट पायथनमध्ये इंग्रजी व्ही अक्षराच्या आकाराची एकच पट्टी घोड्याचे आणि परतीचे अशी दोन्ही कामे करते. या रिव्हॉल्व्हरचा चाप सुरुवातीला लोण्यासारखा आणि शेवटाकडे जड होत जातो. हाताने घासून जुळवलेली ही यंत्रणा नवशिक्याने उघडू नये, असे पुस्तकात ठिकठिकाणी लिहिले आहे. इथेही तेच सांगतो.

वुल्फच्या पाकिटावरच्या आकड्यांनी बरेच लोक फसतात. ‘जीपी १००’ ची कारखान्याची मुख्य स्प्रिंग १४ पौंडांची, बाजारात ९, १० आणि १२ पौंडांच्या मिळतात. स्मिथ अँड वेसनच्या परतीच्या स्प्रिंगचा कारखान्याचा आकडा १८ च्या आसपास, बाजारात १३ ते १६. हे आकडे स्प्रिंगच्या जोराचे आहेत, चापाच्या वजनाचे नव्हेत. १४ ची काढून १० ची घातली म्हणून चाप चार पौंडांनी हलका होत नाही. मधल्या तरफा आणि घर्षण त्या फरकाला वेगळेच रूप देतात. चाप खरोखर किती भरतो हे मोजणीच्या काट्यानेच कळते. काटा न वापरता ‘आता मस्त झाला’ असे म्हणणारा माणूस आपल्या श्रमांची किंमत मोजत असतो, चापाची नव्हे.

आता बिघाडांकडे येऊ, कारण पुस्तकाची सर्वाधिक पाने त्यांनी घेतली आहेत. पहिला आणि सर्वांत सार्वत्रिक: ठोका हलका पडून काडतूस न पेटणे. मुख्य स्प्रिंगमधून काढलेला प्रत्येक पौंड प्राइमरच्या वाट्यातून जातो. सगळे प्राइमर सारखे नसतात. फेडरलचे सर्वांत संवेदनशील म्हणून प्रसिद्ध, सीसीआयचे तुलनेने कठीण. स्पर्धक अतिहलक्या चापावर झाडतात तेव्हा ते फेडरलचेच प्राइमर, स्वतःच्या हाताने, खणात पूर्ण तळाला बसवलेले असतात. प्राइमर जरा वर राहिला तर पहिला ठोका त्याला नुसता खाली बसवतो. दुकानातून कोणतेही काडतूस आणून भरणाऱ्याने स्पर्धकाची स्प्रिंग उसनी घेणे म्हणजे त्याचा प्राइमर सोडून फक्त धोका उसना घेणे होय.

इथे एक बारकावा फार लोकांना माहीत नसतो. बऱ्याच रिव्हॉल्व्हरांत दुहेरी क्रियेत घोडा एकेरी क्रियेइतका मागे जात नाही. थोडा आधीच सुटतो. त्यामुळे ठोका किंचित हलका पडतो. घोडा अंगठ्याने मागे घेऊन केलेल्या चाचणीत सगळी काडतुसे पेटली, तरी दुहेरी क्रियेत एखादे न पेटण्याची शक्यता उरते. चाचणी दुहेरी क्रियेतच करायची, आणि नेहमी वापरायच्या काडतुसांनीच. काडतूस पेटले नाही तर नळी लक्ष्याकडेच रोखून निदान अर्धा मिनिट थांबायचे. उशिरा पेटणारे काडतूस दुर्मीळ असते, पण असते.

दुसरा बिघाड कंजुषीतून येतो. नवी स्प्रिंग विकत घेण्याऐवजी स्मिथ अँड वेसनचा ताण देणारा स्क्रू दोन आटे सैल करायचा. चाप हलका होतो खरा. पण तो स्क्रू पूर्ण आवळलेला असावा अशीच रचना आहे. सैल केलेला स्क्रू गोळीबाराच्या धक्क्यांनी आणखी सैल होत जातो आणि आज पेटलेले काडतूस उद्या पेटत नाही. याचाच भाऊबंद प्रकार म्हणजे गुंडाळी-स्प्रिंगचे एकदोन वेढे कापणे. वेढे कमी झाले की उरलेली स्प्रिंग प्रत्येक मिलिमीटरला अधिक ताठ होते. फक्त तिचा सुरुवातीचा दाब घटतो. म्हणजे चाप सुरुवातीला सैल आणि शेवटी टणक. कापलेले टोक सपाट नसल्यामुळे स्प्रिंग तिरकी बसते, खणाच्या भिंतीला घासते आणि नवे घर्षण निर्माण करते. ज्या घर्षणाविरुद्ध लढाई होती तेच वाढवून माणूस टेबलावरून उठतो.

तिसरा बिघाड परतीच्या स्प्रिंगचा. ती प्रमाणाबाहेर मऊ झाली की चाप रेंगाळतो हे वर आलेच. त्याहून गंभीर म्हणजे, स्मिथ अँड वेसनमध्ये हीच स्प्रिंग घोड्याला प्राइमरपासून मागे घेते. तिच्यातला दम गेला तर शस्त्राच्या सुरक्षेतलाच एक टप्पा ढिला पडतो. चौथा बिघाड स्प्रिंगचा नाहीच. तो कानशीचा आहे. स्प्रिंग बदलून समाधान झाले नाही म्हणून माणूस घोड्याच्या आणि चापाच्या अडकणीच्या कडेवर कानस किंवा दगड फिरवतो. ती कड मिलिमीटरच्या अंशात असते आणि तिच्यावर कठीण केलेल्या पोलादाचा पातळ थर असतो. तो गेला की रिकाम्या शस्त्राचा मागे अडकवलेला घोडा अंगठ्याने नुसता पुढे दाबला तरी पडू लागतो. असे शस्त्र कोणाच्याही हातात देण्याच्या लायकीचे राहत नाही. या पुस्तकात त्या कडेला हात लावण्याची कोणतीही कृती दिलेली नाही, आणि ते विसरून राहिलेले नाही.

मग करायचे काय? आधी साफसफाई: जुने तेल, काजळी काढून योग्य जागी थेंबभर नवे तेल. मग मुठीचा आकार: बोटाचे पेर चापावर नीट पोहोचत नसेल, तर दोष स्प्रिंगचा नसतो, मुठीच्या कवचांचा असतो, आणि ती बदलणे निर्धोक असते. मग सराव: शस्त्र रिकामे असल्याची दोनदा खात्री करून, नकली काडतुसे घालून, काडतुसांचा डबा दुसऱ्या खोलीत ठेवून रोज काही वेळ कोरडा चाप ओढणे. याने बोट बळकट होते आणि यंत्रणेतले घासणारे पृष्ठभागही एकमेकांवर गुळगुळीत होतात. त्यानंतरही चाप जड वाटला तर स्प्रिंग. तीही सर्वांत मऊ न घेता कारखान्याच्या आकड्याच्या लगतची. काढलेली मूळ स्प्रिंग चिठ्ठी लावून जपून ठेवायची. आणि घरच्या संरक्षणासाठी ठेवलेल्या रिव्हॉल्व्हरची मुख्य स्प्रिंग शक्यतो जशीच्या तशी राहू द्यायची.

मराठी वाचकाला या सगळ्याशी काय कर्तव्य, असा प्रश्न कोणी विचारील. एक उत्तर नेमबाजीतले आहे. कोल्हापूरच्या राही सरनोबतने २०१८ च्या आशियाई क्रीडा स्पर्धेत २५ मीटर पिस्तुलाचे सुवर्णपदक मिळवले; आशियाई स्पर्धेत नेमबाजीचे सुवर्ण मिळवणारी ती पहिली भारतीय महिला. त्या प्रकारात चाप किमान १००० ग्रॅमचा असावा लागतो आणि वजन टांगून तो तपासला जातो. २५ मीटर सेंटर-फायर प्रकारात, जिथे रिव्हॉल्व्हरही चालते, मर्यादा तीच आहे. चाप हलका करण्याला क्रीडेनेही तळ घालून दिला आहे, आणि तो तळ का हवा हे यंत्रणा समजल्यावर पटते. दुसरे उत्तर अमेरिकेत स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांचे. त्यांच्यातले काही जण तिथल्या नेमबाजीच्या मैदानांवर जातात, शस्त्रे बाळगतात आणि मित्राच्या सांगण्यावरून स्प्रिंगांचे पाकीट मागवतात. त्यांच्या भाषेत त्यांना सावध करणारे काहीतरी असावे.

भारतातल्या परवानाधारकाला मात्र स्पष्ट सांगितले पाहिजे. कानपूरला आयुध निर्माणीत ०.३२ बोअरची रिव्हॉल्व्हरे बनतात; २०१४ मध्ये आलेले ‘निर्भीक’ तर अर्ध्या किलोचे. अशा हलक्या शस्त्रावर जड चाप किती जाणवतो, हे वेगळे सांगायला नको. पण शस्त्र अधिनियम, १९५९ च्या कलम ५ प्रमाणे शस्त्राची दुरुस्ती आणि त्यातले बदल यांसाठी स्वतंत्र परवाना लागतो; शस्त्र बाळगण्याच्या परवान्यात तो अधिकार येत नाही. म्हणून इथल्या वाचकाने हे पुस्तक समजून घेण्यासाठी वाचावे आणि शस्त्र परवानाधारक दुरुस्तीदाराकडे न्यावे. काय हवे आहे, काय नको आहे आणि काय झाले की शस्त्र परत घ्यायचे नाही, हे त्याला नेमक्या शब्दांत सांगता आले तरी पुस्तकाचा उपयोग झाला.

पहिल्या दोन प्रकरणांत यंत्रणा आणि तिचा इतिहास आहे, मधल्या चारांत स्मिथ अँड वेसन, रुगर आणि कोल्ट यांची रचना आणि मोजमाप, शेवटच्या दोनांत चाचण्या आणि बिघाडांची कारणे. आकृत्यांकडे पाहून थेट मधून सुरुवात करण्याचा मोह होईल. तो टाळून शेवटची दोन प्रकरणे आधी वाचावीत, ही विनंती. ती वाचल्यावर ज्याला आपल्या रिव्हॉल्व्हरची स्प्रिंग आहे तशीच ठेवावीशी वाटेल, त्याने हे पुस्तक सर्वांत नीट वाचले असे मी समजेन.